बाजाराच्या गावातलं ऑनलाइन सेंटर: खासदार सभागृहात काय बोलले ते इथे वाचायला मिळतं

पाटीवर दुकानाला नाव नाही. ‘ऑनलाइन फॉर्म, सातबारा, झेरॉक्स, लॅमिनेशन’ एवढंच लाल रंगात लिहिलंय आणि खाली बारीक अक्षरात, ‘गुरुवारी गर्दी असते, सकाळी लवकर या’. आमचा बाजार गुरुवारचा. पैनगंगेच्या अलीकडची दहा-बारा गावं त्या दिवशी इथे उतरतात, त्यामुळे पाटीवरची सूचना खरी आहे. दुकान चालवणारी पोरगी बी.कॉम. झालेली, वय सव्वीस-सत्तावीस. आम्ही सगळे तिला ताई म्हणतो आणि माझ्या वयाच्या माणसांना ती काकाजी म्हणते.

मी बावीस वर्षं एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यात, दिवाणजी होतो. आता घरची पाच एकर कोरडवाहू करतो, पऱ्हाटी म्हणजे कपाशी आणि तूर. दिवाणजीपणामुळे एक सवय अंगात मुरली आहे. कोण काय म्हणालं ते नंतर, आधी वहीत काय लिहिलंय ते पाहायचं. या दुकानानं मला संसदेची वही उघडून दिली. फॉर्म भरून देणारी दुकानं तालुक्यात पुष्कळ आहेत, त्यासाठी मी एवढं लिहायला बसलो नसतो. पण खासदारानं लोकसभेत काय विचारलं, मंत्र्यानं काय उत्तर दिलं, कोणता कायदा कोणत्या दिवशी कसा मंजूर झाला, हे शोधून कागदावर काढून देणारं दुसरं ठिकाण मला आमच्या भागात माहीत नाही. म्हणून हा अनुभव सविस्तर लिहितो.

पहिल्यांदा गेलो ते नोव्हेंबर २०२४ मध्ये. नाल्यापलीकडच्या माझ्या वावरातली पाण्याची मोटार आणि दीडशे फूट केबल रातोरात गेली होती. घर एका पोलिस ठाण्याच्या हद्दीत, वावर दुसऱ्या. इकडे गेलो तर म्हणाले तिकडे जा, तिकडे गेलो तर साहेब नाहीत. ठाण्यांची नावं मी घेत नाही. त्यातल्याच एका शिपायानं पुढे मला मनापासून मदत केली. तर त्या दिवशी मी ताईकडे तक्रारीचा अर्ज टाइप करायला गेलो होतो. तिनं अर्धा अर्ज टाइप केला आणि थांबली.

“काकाजी, हद्दीचं कारण आता चालत नाही म्हणते. नवीन कायद्यात आहे. थांबा, काढून देतो तुमाले.”

तिनं भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याचं, कलम १७३ हिंदीतून काढलं. दखलपात्र गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, माहिती कोणत्याही ठाण्यात देता येते. तोंडी देता येते, इलेक्ट्रॉनिक मार्गानं पाठवता येते, मात्र तशी पाठवली तर तीन दिवसांत जाऊन सही करायची. नोंद झाल्यावर तिची प्रत तक्रारदाराला लगेच आणि फुकट द्यायची. यालाच लोक झिरो एफआयआर म्हणतात. त्याच्या खाली तिनं कलम १९३ चा भाग पेन्सिलीनं खूण करून दिला. तपास कुठवर आला ते नव्वद दिवसांच्या आत तक्रारदाराला कळवायचं, फोनवर कळवलं तरी चालतं. दोन पानं, दहा रुपये. ती दोन पानं खिशात घालून मी घराजवळच्या ठाण्यात गेलो. आवाज चढवला नाही, कागद फक्त टेबलावर ठेवला. त्या दिवशी संध्याकाळी माझ्या हातात नोंदीची प्रत होती. मोटार अजून मिळालेली नाही, पण फेब्रुवारीत ठाण्यातून फोन आला आणि तपास कुठे आहे ते त्यांनी स्वतःहून सांगितलं. साठ वर्षांच्या आयुष्यात पोलिसांनी मला असं आपणहून काही सांगायची ही पहिलीच वेळ.

त्याच आठवड्यात गावातल्या व्हॉट्सॲपवर एक व्हिडिओ फिरत होता. आता मोटार चोरली तर चोराला जेल नाही, फक्त समाजसेवा, असं त्यात ठासून सांगितलं होतं. मी तो ताईला दाखवला. तिनं भारतीय न्याय संहितेचं, म्हणजे दंड संहितेच्या जागी आलेल्या कायद्याचं, कलम ३०३ काढलं. समाजसेवेची तरतूद आहे हे खरं, पण माल पाच हजारांपेक्षा कमी किमतीचा हवा, माणूस पहिल्यांदाच दोषी ठरलेला हवा आणि त्यानं माल किंवा त्याची किंमत परत केलेली हवी. माझी मोटार आणि केबल मिळून त्याच्या कितीतरी वर जाते. ते पान मी पारावर वाचून दाखवलं. दोघा-तिघांनी व्हिडिओ काढून टाकला.

दुकानात डाव्या भिंतीवर तिनं एक तक्ता चिकटवला आहे, तो बघण्यासारखा आहे. डावीकडे जुनं कलम, उजवीकडे नवं. खुनाला ३०२ ऐवजी १०३. चोरीला ३७९ ऐवजी ३०३. आणि जे ४२० आपल्या बोलण्यात शिवीसारखं रुळलं आहे ते आता ३१८. भारतीय दंड संहिता १८६० ची, पुरावा कायदा १८७२ चा, फौजदारी प्रक्रिया संहिता १९७३ ची. तिन्ही १ जुलै २०२४ पासून बदलले. तक्ता तिनं स्वतः बनवला आहे. बाजाराला आलेले लोक पावतीची वाट पाहत उभे असतात तेव्हा तो वाचतात. मी एका म्हाताऱ्या बाईंना नातवाकडून तो सगळा वाचून घेताना पाहिलंय.

मग मला प्रश्न पडला की हे कायदे मंजूर होताना आमच्या बाजूनं कोण काय बोललं? जिनिंगमध्ये सौदा झाला की दोन्ही बाजूंच्या सह्या मी बघायचो. इथेही बघायच्या होत्या. ताई म्हणाली, “तारीख सांगा काकाजी, तारखेवर सगळं सापडते.” तारीख तिनंच शोधली. लोकसभेत २० डिसेंबर २०२३, राज्यसभेत दुसऱ्या दिवशी २१ डिसेंबर, आणि राष्ट्रपतींची सही २५ डिसेंबरला. संसदेच्या संकेतस्थळावर त्या दिवसाचं कामकाज शब्दशः मिळतं. कोण उभं राहिलं, काय बोललं, मध्येच कोणी टोकलं, सगळं रोजमेळासारखं ओळीनं. आधी तिनं स्क्रीनवर वाचून दाखवलं, मला हवी ती पानं मी खुणेनं सांगितली आणि तेवढीच छापली. तीस-चाळीस पानं छापून पैसे काढण्याचा तिचा स्वभाव नाही. ही गोष्ट मी मुद्दाम नोंदवतो.

गृहमंत्री अमित शहांचं भाषण हिंदीतच असल्यामुळे मी घरी बसून पूर्ण वाचू शकलो. झिरो एफआयआरचं आणि नव्वद दिवसांचं त्यांनी त्यात सांगितलं आहे, म्हणजे माझ्या मोटारीच्या कामी आलेली गोष्ट तिथून निघालेली. विरोधात बोलणारे थोडेच होते. हैदराबादचे असदुद्दीन ओवेसी बोलले, पोलिसांच्या हाती जास्त अधिकार जातात आणि नागरिकांच्या स्वातंत्र्याला त्याचा धोका आहे हा त्यांचा मुद्दा होता. विरोधी बाकांवरची बहुतेक माणसं सभागृहात नव्हतीच. १३ डिसेंबरला लोकसभेत घुसखोरी झाली होती, त्यावर सरकारनं निवेदन करावं म्हणून गोंधळ झाला आणि निलंबन सुरू झालं. अधिवेशन संपेपर्यंत लोकसभेचे १०० आणि राज्यसभेचे ४६ सदस्य बाहेर होते. आपल्या महाराष्ट्रातल्या सुप्रिया सुळे आणि अमोल कोल्हे १९ तारखेला निलंबित झाले. म्हणजे कायदा मंजूर होण्याच्या आदल्या दिवशी.

“आणि आपले?” मी विचारलं.

आमचा भाग यवतमाळ जिल्ह्यात असला तरी लोकसभेला चंद्रपुरात मोडतो. वणी आणि आर्णी हे दोन विधानसभा मतदारसंघ तिकडे जोडलेले आहेत. ताईनं नावांची यादी खालीवर केली आणि मग हळूच म्हणाली, “काकाजी, त्या दिवशी आपल्याकडून कोणीच नव्हतं. बाळूभाऊ गेले होते ना.”

मी विसरलोच होतो. आमचे खासदार बाळू धानोरकर ३० मे २०२३ ला वारले. २०१९ ला महाराष्ट्रातून निवडून आलेले काँग्रेसचे ते एकटे खासदार. त्यांच्या जागी पोटनिवडणूक झालीच नाही. पुण्याचंही तसंच झालं, गिरीश बापट गेल्यावर ती जागाही रिकामी राहिली. थेट जून २०२४ मध्ये नवी लोकसभा आली तेव्हा प्रतिभा धानोरकर निवडून आल्या आणि आमची खुर्ची भरली. मधलं वर्षभर लोकसभेत आमच्या नावाचं कोणी नव्हतं. दीडशे वर्षांचा फौजदारी कायदा त्याच काळात बदलला. हे मला तोवर कोणी सांगितलं नव्हतं. पेपरात वाचलं असेल, पण दोन बातम्या एकमेकींशेजारी ठेवून पाहिल्या नव्हत्या. त्या दिवशी मी दुकानातून निघालो आणि एस.टी. सोडून दिली. पुढच्या गाडीपर्यंत स्टँडवर बसून राहिलो. पैनगंगेच्या पलीकडच्या राज्यातला खासदार त्या कायद्यावर बोलला, आणि अलीकडे बोलायला माणूस नव्हता. पक्ष कोणता, बाजू कोणती, याला माझ्या लेखी इथे महत्त्व नाही. आमच्यासाठी ‘होय’ किंवा ‘नाही’ म्हणायला कोणी तरी हवं होतं.

त्या नागरिक सुरक्षा संहितेतलं आणखी एक कलम मी इथूनच घेऊन गेलो आणि त्याचा उपयोग मोटारीपेक्षा मोठा झाला. आमच्या गावाला लागून कोलाम आदिवासींचा एक पोड, म्हणजे वस्ती आहे. तिथला एक पोरगा चोरीच्या आरोपात चौदा महिने जेलमध्ये होता. जामीन मंजूर झाला होता, पण जामीनदार मिळेना. बापाच्या नावावर जमीन नाही, कोण उभं राहणार? ताईनं कलम ४७९ काढून दिलं. यापूर्वी कधी शिक्षा न झालेला कच्चा कैदी, म्हणजे खटला अजून चालू असलेला माणूस, त्या गुन्ह्याच्या जास्तीत जास्त शिक्षेचा तिसरा हिस्सा आत काढून बसला असेल तर न्यायालयानं त्याला बंधपत्रावर सोडायचं. फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्याला हे लागू नाही, आणि एकापेक्षा जास्त खटले चालू असतील तरी नाही. पूर्वीच्या कायद्यात सगळ्यांना अर्धी मुदत होती. न्यायालयाला कळवण्याचं काम तुरुंग अधीक्षकाचं आहे, हेही कलमातच लिहिलंय. हिशेब सोपा होता. त्याच्यावरच्या कलमाला जास्तीत जास्त तीन वर्षं, तिसरा हिस्सा एक वर्ष, आणि तो चौदा महिने आत. ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं होतं की हे कलम जुन्या खटल्यांतल्या कैद्यांनाही लागू आहे, तो कागदही तिनं शोधला.

आणि इथेच ती थांबली. “पुढचं मले नाही समजत काकाजी. मी वकील नाही. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती आहे, आदिवासीले वकील फुकट भेटते. तिथं जा.” तिचं मला सगळ्यात पटलेलं हे. जेवढं येतं तेवढंच सांगते आणि पुढचा रस्ता दाखवते. पोराच्या बापाला घेऊन मी गेलो. गेल्या पोळ्याच्या चार दिवस आधी पोरगा घरी आला. बापानं ताईच्या दुकानात सीताफळांची पाटी आणून ठेवली, ती हंगामातली पहिलीच होती.

आता कापसाकडे येतो, कारण तो माझा विषय आहे आणि त्यावर मला जास्त बोलायचं आहे.

ऑगस्ट २०२५ मध्ये कापसावरचं आयात शुल्क काढलं ही बातमी आली तेव्हा पऱ्हाटीला पात्या-फुलं धरत होती. मी ताईकडे गेलो आणि म्हटलं, मूळ कागद काढ. पहिल्यांदा तिची चूक झाली. तिनं २०२२ ची सूट काढून दिली. तेव्हाही १४ एप्रिल ते ३० सप्टेंबर शुल्क माफ होतं आणि पुढे ३१ ऑक्टोबरपर्यंत वाढवलं होतं. मी घरी जाऊन तारीख पाहिली तेव्हा लक्षात आलं. दुसऱ्या दिवशी परत गेलो तर तिनं नव्या पानांचे पैसे घेतले नाहीत. जुनी पानं मीच ठेवून घेतली, कारण तीही कामाची निघाली. एकदा केलेली गोष्ट दुसऱ्यांदा कशी होते ते त्यातून दिसतं.

तिच्याकडून घेतलेले तीन कागद मी घरी टेबलावर शेजारी शेजारी मांडले. पहिला १ फेब्रुवारी २०२१ चा, निर्मला सीतारामन यांच्या अर्थसंकल्पाच्या भाषणातला. शेतकऱ्याच्या फायद्यासाठी कापसावरचं सीमाशुल्क शून्यावरून दहा टक्के करत आहोत, असं त्यांनी सभागृहात सांगितलं. पाच टक्के मूळ शुल्क, पाच टक्के कृषी पायाभूत विकास अधिभार, आणि या दहावर दहा टक्के समाजकल्याण अधिभार म्हणजे आणखी एक. म्हणून लोक अकरा टक्के म्हणतात. दुसरा कागद १८ ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेचा. १९ ऑगस्टपासून ३० सप्टेंबरपर्यंत सीमाशुल्काच्या यादीतल्या ५२०१ या शीर्षाखालच्या कापसाला पूर्ण माफी. तिसरा २८ ऑगस्टचा, निर्यातदारांना आणखी आधार देण्यासाठी तीच माफी ३१ डिसेंबरपर्यंत वाढवल्याचा. आदल्या दिवशी, २७ ऑगस्टला, अमेरिकेनं आपल्या मालावरचा कर पन्नास टक्क्यांवर नेला होता.

पहिला कागद सभागृहात उभं राहून बोललेला आहे. तिथे कोणी तरी ऐकत होतं, कोणी विरोध करू शकत होतं, आणि त्यात शेतकऱ्याचं नाव आहे. पुढचे दोन कागद कार्यालयातून निघाले. कायद्यानं ते बरोबर आहे, सीमाशुल्क कायदा १९६२ चं कलम २५ सरकारला तसा अधिकार देतं आणि अशा अधिसूचना मागाहून संसदेपुढे ठेवल्या जातात. पावसाळी अधिवेशन २१ ऑगस्टला संपलं. म्हणजे पहिली माफी निघाली तेव्हा अधिवेशनाचे तीन दिवस उरले होते, दुसरी निघाली तेव्हा संसद बंद होती.

मी जिनिंगमध्ये काम केलंय, त्यामुळे मिलवाल्याची अडचण मला परकी नाही. सरकी काढलेल्या कापसाला रुई म्हणतात, आणि रुईची खंडी म्हणजे ३५६ किलो. तिचा भाव बाहेरच्या देशात कमी आणि आपल्याकडे जास्त असला की सूतगिरणी बसते, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. गाठी पडून राहिल्या की जिनिंगचा मालक आधी हमालांचे दिवस कमी करतो. कापडाची ऑर्डर अमेरिकेनं थांबवली तर तिकडे तिरुपूरच्या कपड्यांच्या कारखान्यातल्या बाईचं काम जातं, तेही मला समजतं. पण एक क्विंटल कापसातून तेहतीस-चौतीस किलो रुई निघते, बाकी सरकी, आणि रुईचा भाव उतरला की जिनिंगवाला सगळी तूट कापसाच्या भावात टाकतो. तो दुसरीकडे टाकूच शकत नाही. सरकीचा भाव त्याच्या हातात नाही, विजेचं बिल त्याच्या हातात नाही. दारात बंडी घेऊन उभा असलेला शेतकरी तेवढा त्याच्या हातात असतो. हा हिशेब मी बावीस वर्षं स्वतः वहीत लिहिला आहे.

२०२५-२६ चा हमीभाव मध्यम धाग्याला ७,७१० आणि लांब धाग्याला ८,११० रुपये. सीसीआयला, म्हणजे हमीभावानं कापूस घेणाऱ्या सरकारी कापूस महामंडळाला, द्यायचा तर ‘कपास किसान’ ॲपवर नोंदणी करायची आणि ओलावा आठ टक्के हवा. बारापर्यंत घेतात पण भाव कापून, त्याच्यावर घेतच नाहीत. दिवाळीच्या आधीच्या वेचणीचा कापूस ओलाच असतो, यंदा तर पावसानं फारच. घरखर्चाला पैसे हवेत म्हणून मी नऊ क्विंटल खेडा खरेदीत, म्हणजे गावात येणाऱ्या व्यापाऱ्याला, ६,७०० नं दिला. मध्यम धाग्याच्या हमीभावाशी मांडलं तर क्विंटलमागे एक हजार दहा रुपये, नऊ क्विंटलचे नऊ हजार नव्वद. यातले किती ओलाव्याचे, किती शुल्कमाफीचे, ते मी वेगळं करू शकत नाही. पण ज्या निर्णयाचा धक्का माझ्या वहीपर्यंत येतो त्यावर सभागृहात एक तास बोलणं व्हायला हवं होतं, असं मला कळकळीनं वाटतं. पाहिजे तर शुल्क काढा. पण काढण्याआधी आमच्या बाजूचा माणूस उभा राहून बोलू द्या, आणि ते बोलणं नोंदीत येऊ द्या.

हे सगळं मला इतकं का लागतं, तर घरची आठवण. १९७२ पासून महाराष्ट्रात एकाधिकार कापूस खरेदी होती. सरकारशिवाय कोणाला कापूस विकायचा नाही, राज्याबाहेर न्यायचा नाही, नेला तर गुन्हा. पैनगंगेच्या पलीकडे आदिलाबादला भाव जास्त, पैसे रोख. आमच्या इकडे चुकारा, म्हणजे विकलेल्या कापसाचे पैसे, महिनोन्‌महिने अडकायचा. माझ्या बापानं एका रात्री बंडीत गवताखाली कापूस भरला आणि नदीच्या उताराकडे निघाला. नाक्यावर पकडले गेले. कापूस जप्त झाला, बैल सुटले, आणि बाप दोन वर्षं तारखांना जात राहिला. स्वतःच्या वावरातला कापूस विकायला नेणं हा त्याचा गुन्हा. व्यापाराचं धोरण आणि फौजदारी कायदा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असं कोणी म्हणालं की मला ती बंडी आठवते. बाप मरेपर्यंत विचारायचा, “हा कायदा केला कोणं? आन्‌ करताना आपला माणूस तिथं काय म्हणाला?” त्याला कोणी उत्तर दिलं नाही. तेव्हा असं दुकान नव्हतं.

ताईला मी ही गोष्ट सांगितली तेव्हा तिनं आपणहून मला जनविश्वास कायदा दाखवला. २०२३ चा, ४२ कायद्यांतल्या १८३ तरतुदी बदलणारा. धंद्यात सोपेपणा यावा म्हणून बऱ्याच ठिकाणची कैद काढून दंड ठेवला. त्यात पर्यावरण संरक्षण कायदाही आहे. २०१९ च्या जूनमध्ये अकोला जिल्ह्यात अकोली जहांगीर इथे शेतकऱ्यांनी तणनाशक सहन करणारं, परवानगी नसलेलं कपाशीचं बियाणं उघडपणे लावलं होतं. आम्ही त्याला चोर बीटी म्हणतो. तेव्हा त्या कायद्याच्या कलम १५ मध्ये पाच वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होता. आता त्या कलमातली कैद गेली आणि दंड दहा हजार ते पंधरा लाख झाला. कारखानदाराला यातून दिलासा मिळाला असेल. पाच एकरवाल्याला पंधरा लाख म्हणजे काय, हे त्या चर्चेत कोणी विचारलं का ते मला वाचायचं आहे. ती पानं अजून घेतलेली नाहीत.

आता दुकानाविषयी राहिलेलं. कागदाला पाच रुपये पान, शोधण्याचे वीस, आणि नुसतं स्क्रीनवर वाचलं तर काही नाही. खासदाराच्या नावानं प्रश्न शोधता येतात, मंत्रालय निवडलं की यादी आणखी लहान होते. लोकसभेत रोज वीस तारांकित प्रश्न असतात, त्यांची उत्तरं तोंडी, आणि २३० अतारांकित, त्यांची लेखी. हे मला तिनंच समजावलं. उत्तरं इंग्रजी-हिंदीत मिळतात, मराठी करून द्यायला तिच्याकडे वेळ नसतो. अधिवेशन चालू असताना सभागृहाचं बोलणं मराठी आवाजात ऐकायची सोय झाली आहे, ती तिनं माझ्या फोनवर लावून दिली. त्याचे पैसे घेतले नाहीत.

अडचणीही सांगतो. वीज गेली की इन्व्हर्टर अर्धा तास टिकतो. जून-जुलैत पीकविम्याचे आणि प्रवेशाचे अर्ज असतात तेव्हा अशा कामासाठी जाऊच नका, तिला मान वर करायला फुरसत नसते. बसायला दोनच खुर्च्या आहेत आणि बायांना उन्हात उभं राहावं लागतं, बाहेर एक ताडपत्री लावली तर बरं होईल. मी तिला सांगितलंय. छपाई कधी कधी फिकी येते, म्हाताऱ्या डोळ्यांना दिसत नाही, तेव्हा अक्षर मोठं करून मागा. आणि तारीख घेऊन जा. ‘ते मागे काय झालं होतं ना’ असं म्हणालात तर तिचा तासभर जातो.

गेल्या सोमवारी मी तिच्याकडून खासदारांना एक पत्र टाइप करून घेतलं. प्रश्न लोकसभेत यायचा तर खासदाराला निदान पंधरा दिवस आधी सूचना द्यावी लागते, म्हणून वेळेत पाठवायचं होतं. पत्रात दोनच गोष्टी आहेत. शुल्कमाफीच्या काळात किती गाठी बाहेरून आल्या आणि त्या महिन्यांत विदर्भात कापूस हमीभावाखाली किती विकला गेला, हे वस्त्रोद्योग मंत्र्यांना विचारावं. आणि कलम ४७९ प्रमाणे आमच्या दोन्ही जिल्ह्यांतल्या तुरुंगांतून किती कच्चे कैदी सुटले, हे गृहमंत्र्यांना विचारावं. ताईनं दोनदा वाचून दाखवलं, एका ठिकाणी ‘विनंती’ असं मी सांगितलं होतं तिथे तिनं विचारलं, “काकाजी, विनंती काहून? प्रश्न आहे ना हा?” मी तो शब्द काढला. टाइपिंगचे तीस रुपये झाले, पत्र रजिस्टरनं गेलं आणि पावती मी तीन कागदांच्या शेजारी लावून ठेवली आहे.